कर्व्ह सरळ आला म्हणून हुरळू नकोस

सेंद्रिय अर्धवाहकांच्या प्रोजेक्टच्या पहिल्याच आठवड्यात तुला कुणीतरी एक तयार एक्सेल शीट देईल. एका रकान्यात व्होल्टेज टाकायचं, दुसऱ्यात करंट, की खाली मोबिलिटी येते, तीही दोन दशांश स्थळांपर्यंत. शीट घे, नाही म्हणू नकोस. पण वापरण्याआधी त्या खालच्या खान्यावर क्लिक करून आकडा कुठून येतोय ते बघ. मोबिलिटी दाखवणारं मीटर जगात नाही, बाळा. मीटर करंट दाखवतं. मोबिलिटी आपण काढतो, आणि काढताना पाच-सहा गोष्टी गृहीत धरतो: कॉन्टॅक्ट चांगले आहेत, एकाच जातीचा चार्ज वाहतोय, फिल्मची जाडी आपण लिहिली तेवढीच आहे, चार्ज अडकवणारे ट्रॅप नाहीत, वगैरे. यातलं एखादं गृहीत ढासळलं तरी शीट काही तक्रार करत नाही. आकडा येतोच, फक्त तो मोबिलिटीचा नसतो.

तुझं इंजिनिअरिंग इथे दिघीच्या टेकडीवर, आर्मी इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे सर्किट शिकलास, सिलिकॉनचा डायोड आणि मॉसफेट शिकलास. सिलिकॉनची एक वाईट सवय माणसाला लागते. खोलीच्या तापमानाला शुद्ध सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची मोबिलिटी साधारण १४०० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद, ही पुस्तकात छापलेली आणि सगळ्यांना लागू. (हे एकक पुढे मी लिहीत बसणार नाही, आकडाच देईन.) सेंद्रिय अर्धवाहकाचं तसं नाही. पी-थ्री-एच-टी या पॉलिमरची मोबिलिटी किती, असं मला विचारलंस तर मी उलट विचारेन, कुठे मोजलेली? डायोडमध्ये ती ०.०००१ च्या आसपास निघते आणि ट्रान्झिस्टरमध्ये ०.१ पर्यंत जाते. पॉलिमर एकाच बाटलीतलं असलं तरी. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या तानासे, ब्लॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तफावतीचा उलगडा केला. ट्रान्झिस्टरच्या चॅनेलमध्ये चार्जची दाटी खूप असते. खोल ऊर्जेच्या जागा आधी आलेल्यांनी भरून टाकलेल्या असतात, म्हणून मागून येणाऱ्यांना पळायला वाव मिळतो. डायोडमध्ये दाटी कमी, त्यामुळे बहुतेक चार्ज त्या खोल जागांतच रेंगाळतो. म्हणून तुझ्या वहीत मोबिलिटी एकटी कधीच लिहायची नाही. शेजारी डिव्हाइस कुठलं, तापमान किती, फील्ड किती, चार्जची घनता अंदाजे किती, हे पाहिजे. नुसता आकडा लिहिलेला मला दिसला तर मी वही परत देईन.

इथे चार्ज स्फटिकातून सरळ वाहत नाही, रेणूवरून रेणूवर उड्या मारत जातो. प्रत्येक जागेची ऊर्जा थोडी वेगळी. बेसलर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये ही ऊर्जा गाउस वक्रानं पसरलेली धरतात आणि त्या पसाऱ्याला सिग्मा म्हणतात. सिग्मा बहुधा ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असतो. खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा ०.०२६, म्हणजे पसारा तिच्या जवळजवळ चौपट. मोबिलिटी सिग्माला किती हळवी आहे, हे एकदा स्वतः करून बघ. सिग्मा आणि औष्णिक ऊर्जा यांचं गुणोत्तर घे, त्याची दोन तृतीयांश कर, वर्ग कर, आणि त्या संख्येचा ऋण घातांक घाल. सिग्मा ०.१ वरून ०.१५ केलास तर मोबिलिटी सुमारे चार हजार पटींनी पडते. तुझ्या सिम्युलेशनमध्ये कुणी सिग्मा ‘फिट करून’ घेतला असेल तर हा चार हजारांचा आकडा आठव.

टाइम-ऑफ-फ्लाइटच्या प्रयोगात लेझरच्या झोतानं एका टोकाला चार्ज तयार करतात आणि तो दुसऱ्या टोकाला कधी पोचतो ते बघतात. माउलींची पालखी आळंदीहून निघून आपल्या दिघीवरून पुण्याकडे जाते, तेव्हा मॅगझिन चौकात उभं राहून ‘वारी किती वाजता आली’ असं विचारलं तर काय उत्तर देशील? पुढच्या दिंड्या केव्हाच विश्रांतवाडीकडे गेलेल्या, काही मंडळी चहाला थांबलेली, काही झाडाखाली आडवी, आणि दिवसभर लोक येतच राहतात. सेंद्रिय फिल्ममध्ये बरेचदा हेच होतं. करंटच्या आलेखात स्वच्छ गुडघा दिसत नाही, नुसती लांबत जाणारी शेपूट दिसते. शेर आणि माँट्रोल यांनी १९७५ मध्ये याचं गणित बांधलं. लॉग-लॉग कागदावर दोन रेषांचा छेद काढून एक ‘वेळ’ मिळवता येते. ती वेळ जाडीप्रमाणे सरळ बदलत नाही, हे माहीत असेल तरच वापर.

आता हाताच्या कामाकडे येऊ. बीईच्या पोराला सगळ्यात आधी जमण्यासारखं माप म्हणजे स्पेस-चार्ज करंटचं. दोन इलेक्ट्रोड, मध्ये शंभरेक नॅनोमीटरची फिल्म, आणि एकाच जातीचा चार्ज आत येईल असे कॉन्टॅक्ट. होल-ओन्ली डायोडला खाली आयटीओवर पेडॉट-पीएसएस, वर मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि चांदी. मॉट आणि गर्नी यांचा नियम तोंडपाठ कर: नऊ अष्टमांश गुणिले परमिटिव्हिटी गुणिले मोबिलिटी गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले जाडीचा घन.

जाडीचा घन. या दोन शब्दांवर मी तुला अख्खी दुपार बसवून ठेवू शकते. जाडी मोजताना १० टक्के चूक झाली तर मोबिलिटीत ३३ टक्के चूक होते. २० टक्क्यांची चूक झाली तर ७३ टक्के. स्पिन कोटरच्या आरपीएमवरून ‘याच वेगाला १०० नॅनोमीटर येते’ असं सीनियरनं सांगितलेलं असतं. ते त्याच्या बाटलीच्या, त्याच्या सॉल्व्हंटच्या आणि त्याच्या दिवसाच्या तापमानाचं असतं. जाडी प्रत्येक सब्सट्रेटवर मोज. डिव्हाइसच्या अगदी शेजारी ओरखडा ओढ, प्रोफायलोमीटरची सुई तीन ठिकाणी फिरव, आणि सरासरीबरोबर त्या तीन वाचनांतला फरकही लिही. मऊ पॉलिमरवर सुईचा दाब जास्त ठेवलास तर सुई फिल्ममध्ये रुतते आणि जाडी कमी दिसते.

आणि एकच जाडी घेऊन थांबू नकोस. तीन जाड्या कर, शक्य असेल तर ८०, १५० आणि ३०० नॅनोमीटरसारख्या, एकमेकींपासून लांब. करंट खरंच जाडीच्या घनानं पडतोय का बघ. व्होल्टेजचा वर्ग दिसला म्हणजे मॉट-गर्नी सिद्ध झाला असं मानणारे पेपर ढिगानं आहेत. वर्ग दिसण्याची इतर कारणं असतात, आणि चुकीचं बिल्ट-इन व्होल्टेज वजा केलं तर कुठल्याही कर्व्हला दोनचा उतार आणता येतो. जाडीचा घन मात्र सहजासहजी खोटा आणता येत नाही. माझा भरवसा उतारापेक्षा जाडीच्या मालिकेवर जास्त.

कमी व्होल्टेजला करंट सरळ रेषेत वाढतो, म्हणजे फिल्म डोप झाली आहे, असंही घाईनं म्हणू नकोस. दोन्ही बाजूंना चांगले कॉन्टॅक्ट असले की त्यांच्यातून चार्ज आपोआप आत झिरपतो आणि डोपिंगशिवायच रेषा सरळ येते. २०१४ च्या सुमारास वेट्झेलार आणि ब्लॉम यांनी हे नीट मांडलं. ओळखायचं कसं? पुन्हा जाडीनंच. खऱ्या डोपिंगचा करंट जाडीच्या व्यस्त प्रमाणात पडतो आणि हा झिरपलेला घनाच्या व्यस्त प्रमाणात.

मीटरला हात लावण्याआधी कागदावर अंदाज काढ. ही सवय तुझ्या पिढीत कमी झाली आहे, कारण सॉफ्टवेअर लगेच चित्र काढून देतं. समज, मोबिलिटी ०.०००१, जाडी १०० नॅनोमीटर, सापेक्ष परमिटिव्हिटी ३. बिल्ट-इन वजा जाता एक व्होल्टला करंट येतो चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० मिलिअँपिअर. तुझा पिक्सेल ०.०४ चौरस सेंटिमीटरचा असेल तर १.२ मिलिअँपिअर. तीन व्होल्टला त्याची नऊपट, जवळजवळ ११ मिलिअँपिअर. आता आयटीओच्या पट्टीचा रोध २० ओहम धर. ०.२ व्होल्ट पट्टीतच गेले, फिल्मपर्यंत पोचलेच नाहीत. हे वजा न करता वरच्या टोकाला रेषा बसवलीस तर मोबिलिटी कमी दिसेल आणि तू ट्रॅपची गोष्ट रचायला बसशील. पट्टीचा रोध फिल्म नसलेल्या भागावर चार तारांनी मोज आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

खालच्या टोकाला वेगळीच फसगत असते. त्याच पिक्सेलची कपॅसिटी सुमारे एक नॅनोफॅराड. सेकंदाला एक व्होल्ट या वेगानं स्वीप केलास तर नुसता कपॅसिटर भरण्याचा करंट एक नॅनोअँपिअर. उलट दिशेनं स्वीप केलास की त्याचं चिन्ह उलटतं. पोरं त्या फरकाला हिस्टेरिसिस म्हणून रंगीत बाण काढतात. वेग दहापट कमी कर. फरक दहापट कमी झाला तर तो कपॅसिटरचा होता. तसाच राहिला तर मग ट्रॅपचा किंवा आयनांचा विचार कर. म्हणून दोन वेग आणि दोन दिशा, हे नेहमीचंच समज. फक्त पुढे जाणारी स्वीप घेऊन घरी जायचं नाही.

मेनूत एकदा लाइन फ्रिक्वेन्सी बघून घे. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे एक पॉवर सायकल २० मिलिसेकंदांची. मीटर ६० वर लावलेलं असेल तर एका सायकलची सरासरी घेऊनही गुणगुण पूर्ण जात नाही. पिकोअँपिअरच्या मापाला ट्रायअ‍ॅक्सियल केबल लाव आणि गार्ड जोड. गार्ड लोंबकळत ठेवून केबलला दोष देणारे पुष्कळ भेटतात. डबा प्रकाशबंद हवा. सेंद्रिय फिल्म प्रकाशाला प्रतिसाद देते आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आधी प्रोब हवेत ठेवून रिकामं माप घे, मग माहीत असलेला रोध लावून माप घे, आणि मगच डिव्हाइस. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. औद्योगिक पट्ट्यात माप घेणार असशील तर त्या वेळी शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू आहे का, हेही वहीत लिही. हसू नकोस. आलेखातल्या काट्यांचं कारण शोधताना ती एक ओळ कामाला येते.

पावसाळ्याबद्दल स्वतंत्र सांगते. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा म्हणजे फिल्मला ओल्या फडक्यात गुंडाळण्यासारखीच. निकोलाय आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक वेगवेगळ्या पॉलिमरमधला इलेक्ट्रॉनचा प्रवाह तपासला. सगळीकडे ट्रॅप जवळपास एकाच ऊर्जेवर सापडले, निर्वात पातळीपासून सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली, आणि घनताही जवळपास एकच, घन सेंटिमीटरला तीनावर सतरा शून्ये. एक नॅनोमीटरला एक जागा धरलीस तर दर दहा हजार जागांमागे तीन. पॉलिमर वेगवेगळी आणि ट्रॅप एकच, म्हणजे दोष पॉलिमरचा नसणार. त्यांनी बोट दाखवलं पाणी आणि ऑक्सिजनच्या जोडगोळीकडे. म्हणून इलेक्ट्रॉन-ओन्ली डिव्हाइसचं माप उघड्या टेबलावर घेतलं असेल तर ते त्या दिवशीच्या हवेचं माप धर. ग्लोव्हबॉक्सचा पाणी आणि ऑक्सिजनचा आकडा रोज लिही. बॉक्स नसेल तर निदान व्हॅक्यूम प्रोबमध्ये रात्रभर ठेव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोज. होल-ओन्लीला हवा थोडी सोसते, पण त्यावरही भरवसा नको. ऑक्सिजन पी-थ्री-एच-टीला डोप करतो आणि करंट वाढला म्हणून पोरं खूश होतात.

बाटलीचंही सांगून ठेवते. पॉलिमरच्या बाटलीवरचा लॉट नंबर, मॉलेक्युलर वेट आणि बाटली कधी उघडली ती तारीख वहीत पाहिजे. त्याच नावाची दुसरी बाटली म्हणजे दुसरा पदार्थ, असं धरूनच चाल. क्लोरोफॉर्ममधून ओतलेली फिल्म पटकन सुकते, डायक्लोरोबेन्झीनमधून हळू. हळू सुकलेल्या फिल्ममध्ये पी-थ्री-एच-टीच्या साखळ्यांना रचून बसायला वेळ मिळतो. बस, इथे एवढंच पुरे, बाकी तुझे गाइड सांगतील.

ट्रान्झिस्टरकडे वळलास तर एक आलेख डोळ्यांत साठवून ठेव. ड्रेन करंटचं वर्गमूळ गेट व्होल्टेजसमोर काढतात. सरळ रेषा आली की उतारावरून मोबिलिटी काढायची. ३०० नॅनोमीटर सिलिकॉन डायऑक्साइडची कपॅसिटी चौरस सेंटिमीटरला ११.५ नॅनोफॅराड धर. पण रेषेला मध्येच गुडघा येतो, आधी उभा उतार आणि मग आडवा. उभा उतार घेतला तर आकडा मोठा येतो आणि पेपर वजनदार दिसतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमिली बिटल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो उभा भाग पुष्कळदा कॉन्टॅक्टचा असतो. कॉन्टॅक्टचा रोध गेटनं उघडतो, आणि उघडताना करंट झपाट्यानं वाढतो. मोबिलिटी दहापट फुगलेली दिसू शकते. गुडघा दिसला की मला फोन कर, उतार घेऊ नकोस. चॅनेलच्या चार-पाच लांब्या बनव, एकूण रोध लांबीसमोर काढ आणि शून्य लांबीला किती उरतो ते बघ. उरलेला तो कॉन्टॅक्टचा. आणि फिल्म चॅनेलच्या बाहेर पसरलेली असेल तर करंट कडेनंही वाहतो, तो तू चॅनेलच्या रुंदीच्या नावावर मांडतोस. कापसाच्या काडीला सॉल्व्हंट लावून कडा पुसल्या तरी फरक दिसतो.

दहा डिव्हाइस केलीस तर दहाही टेबलात लिही. जळालेलीही. ‘चॅम्पियन’ हा शब्द मला मुळीच आवडत नाही. कुस्तीत ठीक आहे.

कच्चा डेटा कधीही पुसू नकोस. बेल लॅब्जमधल्या यान हेंड्रिक श्योननं पेंटासीनसारख्या सेंद्रिय स्फटिकांवर आणि रेणूंच्या ट्रान्झिस्टरवर एकामागून एक थक्क करणारे पेपर काढले होते. जगभरच्या प्रयोगशाळांतली पोरं तीच मापं पुन्हा घेता येईनात म्हणून वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत बसली. पकडला गेला तो कसा? वेगवेगळ्या डिव्हाइसच्या आलेखांतला गोंगाट हुबेहूब सारखा निघाला. सिग्नल सारखा येऊ शकतो, गोंगाट कधीच सारखा येत नाही. चौकशीसाठी नेमलेल्या बीस्ली समितीनं सप्टेंबर २००२ मध्ये अहवाल दिला. २४ आरोपांपैकी १६ मध्ये गैरवर्तन सिद्ध झालं. मूळ फाइली मागितल्या तर संगणकात जागा नव्हती म्हणून पुसल्या, असं उत्तर आलं. तू खोटं करणार नाहीस हे मला माहीत आहे. पण उद्या कुणी तुझ्यावर शंका घेतली तर तुझी बाजू फक्त त्या कच्च्या फाइलीच मांडतील. म्हणून स्मूथिंग केलेला आलेख वेगळ्या नावानं ठेव. मूळ फाइल रीड-ओन्ली कर, आणि एक प्रत घराबाहेर ठेव.

आता सिम्युलेशन. यावर मी जास्त बोलणार, कारण तुझा लॅपटॉप तुझ्याजवळ नेहमी असतो आणि ग्लोव्हबॉक्स नसतो.

ड्रिफ्ट-डिफ्यूजनचं सॉफ्टवेअर म्हणजे तीन समीकरणं: पॉइसनचं, इलेक्ट्रॉनचं आणि होलचं. रॉडरिक मॅकेन्झी यांचं ओघ्मानॅनो आहे, खोनिंगेनच्या कोस्टर गटाचं सिम्सलाबिम आहे, पैसे असतील तर स्वित्झर्लंडचं सेटफॉस. कुठलंही घे. पण एकदा, फक्त एकदा, एका मितीतला सॉल्व्हर पायथनमध्ये स्वतः लिही. शार्फेटर आणि गुमेल यांनी १९६९ मध्ये दिलेली पद्धत वापर. दोन जाळीबिंदूंमध्ये व्होल्टेज ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त पडलं की साधं सरासरीचं सूत्र वेडंवाकडं वागतं, चार्जची घनता ऋणसुद्धा दाखवतं. त्यांच्या पद्धतीत ते होत नाही, कारण बिंदूंच्या मध्ये घनता घातांकी वक्रानं बदलते हे तिनं आधीच मानलेलं असतं. हे एकदा हातानं केलंस की मोठं सॉफ्टवेअर कन्व्हर्ज होत नाही तेव्हा तू चिडणार नाहीस, कुठे अडलंय ते बघशील. बहुतेक वेळा अडतं ते कॉन्टॅक्टशी. तिथे घन सेंटिमीटरला एकावर अठरा शून्ये इतका चार्ज असेल तर डिबाय लांबी दोन नॅनोमीटरच्या आसपास येते. जाळी तिथे त्याहून बारीक हवी, मधल्या भागात ढिली चालेल. व्होल्टेज शून्यापासून लहान पायऱ्यांनी चढव आणि आधीचं उत्तर पुढच्याला सुरुवात म्हणून दे.

उत्तर आलं की दोन तपासण्या. पहिली, एकूण करंट डिव्हाइसच्या प्रत्येक बिंदूवर सारखा आहे का? स्थिर अवस्थेत तो सारखाच असला पाहिजे. एका टोकाला १० आणि दुसऱ्याला ९.२ येत असेल तर तो निकाल फेकून दे, भले कर्व्ह सुंदर असो. दुसरी, रिकॉम्बिनेशन बंद कर, ट्रॅप काढ, मोबिलिटी स्थिर ठेव, कॉन्टॅक्ट ओहमिक कर. वरच्या व्होल्टेजला मॉट-गर्नी यायला हवा. नाही आला तर तुझं एकक चुकलंय. चौरस सेंटिमीटरची ०.०००१ मोबिलिटी चौरस मीटरमध्ये दहा हजार पटींनी लहान होते, आणि चौरस सेंटिमीटरला ३० मिलिअँपिअर म्हणजे चौरस मीटरला ३०० अँपिअर. या एका गोष्टीनं भलेभले पडलेत.

मग फिटिंग. इथे मी कडक आहे. एका कर्व्हवर दहा चाव्या फिरवून रेषा बिंदूंवर बसवणं म्हणजे काम नाही. मोबिलिटी, बॅरियर, ट्रॅपची घनता, ट्रॅपची खोली, सिग्मा, बिल्ट-इन, सीरिज रोध: यांतल्या कितीतरी वेगवेगळ्या जोड्या तोच कर्व्ह देतात. मोबिलिटी अर्धी करून बॅरियर थोडं उतरवलं तरी चित्र जवळजवळ तेच. म्हणून चाव्या आधी इतर मापांतून अडकव. सीरिज रोध मोजलेला, जाडी मोजलेली, कपॅसिटी मोजलेली, परमिटिव्हिटी कपॅसिटीतून काढलेली. उरलेल्या दोन-तीनच फिरव. आणि सगळा डेटा फिटिंगला देऊ नकोस. ८० आणि १५० नॅनोमीटरवर फिट कर, मग काहीही न बदलता ३०० नॅनोमीटरचा कर्व्ह सांग. खोलीच्या तापमानावर फिट कर आणि २५० केल्विनचं भाकीत कर. भाकीत चुकलं तर ते झाकू नकोस, तेच प्रोजेक्टचं खरं फळ. कुठलं गृहीत मोडलं ते तिथे दिसतं. फिटिंग लॉग स्केलवरही बघ. साध्या स्केलवर वरचे चार बिंदू जुळले की डोळ्याला समाधान मिळतं आणि खालची तीन दशकं पूर्ण चुकलेली असतात.

मॉन्टे कार्लोची हौस असेल तर कर. एक नॅनोमीटरच्या जागा आणि शंभर नॅनोमीटरचा ठोकळा, म्हणजे दहा लाख जागा. तुझ्या लॅपटॉपला हे झेपतं, फक्त एकच ठोकळा चालवून थांबू नकोस. रँडम सीड बदलून अनेक ठोकळे चालव, कारण एखाद्या ठोकळ्यात एक खोल जागा आली तरी सगळं उत्तर खाली ओढलं जातं. पाहिजे तर पुण्यातली मोठी यंत्रं आहेत, आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. पण लहान ठोकळ्यावर तुझं उत्तर बेसलरच्या सूत्राशी कमी घनतेला जुळतं का, ते बघितल्याशिवाय मोठ्या यंत्राच्या रांगेत उभं राहू नकोस.

माप घ्यायला जायचं कुठे, ते सांगते. मुंबईच्या आयआयटीत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची फॅब आहे आणि बाहेरच्या कॉलेजांतल्या लोकांसाठी इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राम आहे, बंगळुरूच्या आयआयएससीबरोबर सुरू झालेला. त्यात अर्ज करता येतो, प्रशिक्षणही असतं. अर्जात ‘सेंद्रिय डिव्हाइसचा अभ्यास’ असं गोलगोल लिहू नकोस. कुठल्या तीन जाड्या, कुठले कॉन्टॅक्ट, कुठल्या टूलवर किती तास, असं लिही. मुंबईच्या आयआयटीत असताना प्रा. रामगोपाल राव यांच्या गटानं पेंटासीनचे ट्रान्झिस्टर पॉलिमरच्या पट्ट्यांवर बसवून सेन्सर केले. पॉलिमर म्हणजे फक्त सोलर सेल नाही, हे डोक्यात राहण्यासाठी ते वाच. मुंबईच्याच टीआयएफआरमध्ये के. एल. नरसिंहन आणि एन. पेरियासामी यांनी ओएलईडीतल्या एएलक्यू-थ्रीसारख्या पदार्थांवर बारकाईनं मापं घेतली. तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये कोडॅकमध्ये ज्या पदार्थानं पहिला उपयोगी ओएलईडी केला, तोच हा. पुण्यात पाषाणला एनसीएलमध्ये एस. राधाकृष्णन यांनी वाहक पॉलिमरवर दीर्घकाळ काम केलं. त्यांच्या पेपरांतले प्रयोगाचे परिच्छेद वाच, निष्कर्ष नंतर. कुठल्याही पेपरचं मी तसंच वाचते. जाडी कशी मोजली हे लिहिलेलं नसेल तर पुढचं पान उलटतही नाही.

तापमानाची मालिका घेताना ३०० केल्विनवरून २०० पर्यंत खाली जा आणि परत ३०० ला येऊन तेच माप पुन्हा घे. सुरुवातीचा आणि शेवटचा कर्व्ह एकमेकांवर बसले नाहीत तर मधली सगळी मालिका बाद, कारण डिव्हाइस वाटेत बदललंय. सेन्सर सब्सट्रेटला चिकटलेला हवा, क्रायोस्टॅटच्या बुडाला नव्हे. काच उष्णता सावकाश वाहून नेते, तेव्हा प्रत्येक तापमानाला थांब आणि करंट स्थिरावला की मगच वाच.

येत्या गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली तर लॅपटॉप बंदच ठेव. कागद घेऊन बस आणि तुझ्या तीन जाड्यांना अर्धा, एक आणि दोन व्होल्टला किती करंट यायला हवा, कपॅसिटर भरायचा करंट किती आणि पट्टीत किती व्होल्ट जातील, हे हातानं काढ. परमिटिव्हिटी ३ धर आणि मोबिलिटी दहापट वर-खाली करून दोन्ही टोकं लिही. तो कागद घेऊन संध्याकाळी माझ्याकडे ये. पोहे करते, आणि मग अर्ज लिहायला बसू.